पाच नऊ नऊ

मला ते दिसलं होतं. इथूनच सुरुवात करतो, नाहीतर मी पुन्हा माडांबद्दल आणि माशांबद्दल लिहीत बसेन आणि हे राहून जाईल, जसं आजवर राहत आलं. संगणकाच्या पडद्यावर एका रकान्यात चुकीची अक्षरं पडत होती. ती मला पहिल्याच दुपारी दिसली. ती कशी बदलायची तेही मला ठाऊक होतं. घरात फक्त मलाच ठाऊक होतं. मी ती बदलली नाहीत. हे आईला कधी सांगितलं नाही, बायकोला नाही, आणि ज्या दोघांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. आता मुलगी शिकायला पुण्याला गेली, घरात बोलायला फारसं कुणी उरलं नाही, तेव्हा कागदाला सांगतोय.

आमचं घर भाट्ये पुलाच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला. घर म्हणजे कौलारू चार खोल्या, पुढे पडवी, मागे न्हाणी आणि परसात दोन माड. त्या दोन माडांच्या मधे अण्णांनी वायरलेसच्या एरियलची तांब्याची तार ताणलेली होती. नारळ पाडायला येणारा पाडेली दर खेपेला वर चढता चढता ओरडायचा, "अण्णानू, ही तार हाय की माझ्या गळ्याचा फास?" आणि अण्णा खालून म्हणायचे, "तिला धक्का लावशील तर माझं अख्खं जपान तुटेल!" अण्णा म्हणजे माझे वडील. तार ऑफिसात जन्म गेला त्यांचा. लोकांची मरणं, बारशी, नोकऱ्या, सगळं त्यांनी कडकट्ट करत गावोगाव पोचवलं. निवृत्त झाल्यावरही बोटं स्वस्थ बसेनात, म्हणून फावल्या वेळचा हॅमचा छंद पूर्ण वेळचा झाला. हॅम म्हणजे सरकारचा परवाना काढून, निव्वळ हौसेखातर, घरच्या वायरलेसवरून जगभरच्या तसल्याच हौशी माणसांशी संपर्क करणारा माणूस. संपर्क दोन तऱ्हांनी व्हायचा. एक, माइक हातात घेऊन सरळ बोलायचं. दुसरी तऱ्हा मोर्सची, म्हणजे लांब आणि आखूड आवाजांची ती जुनी तारेची टकटक. अण्णांना दोन्ही येत, पण बोलणं त्यांना जरा हलकं वाटायचं. "तोंड काय, कुणालाही असतं," म्हणायचे.

मला मोर्स आलं नाही. दोनदा परीक्षेला बसलो, दोनदा नापास झालो. कानाशी आवाज यायचे, पण त्यांची अक्षरं व्हायच्या आत पुढचे आवाज येऊन आदळायचे. पहिल्या वेळी अण्णा म्हणाले, "होईल पुढच्या खेपेस." दुसऱ्या वेळी म्हणाले, "असू दे. एकेकाचा कान असतो." एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर सेटसमोरच्या लाकडी खुर्चीवर बसायला त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मी शेजारच्या स्टुलावर बसायचो.

त्या खुर्चीवर रुखसाना येऊन बसली. राजिवड्याची. माझ्याच कॉलेजात, माझ्याच वर्षाला. तिचे वडील इस्माईलचाचा मालवाहू जहाजावर रेडिओ ऑफिसर होते, म्हणजे जहाजावरची तार बघणारा माणूस. अण्णांची आणि त्यांची ओळख जुनी, तारेवरचीच. सुट्टीवर आले की चाचा मुलीला मोर्स शिकवायचे, पुस्तकातून नाही, पाटावर चमचा वाजवून. बाकीच्या पोरी लंगडी खेळायच्या त्या वयात ही चमच्याने बोलायची. पहिल्या झटक्यात परीक्षा पास झाली. पण घरी सेट नव्हता, म्हणून चाचांनी अण्णांना विचारलं आणि ती दुपारच्या वेळी आमच्याकडे यायला लागली. पहिल्या दिवशी तिने मोर्स वाजवायची की, म्हणजे तो दाबायचा खटका, हाताखाली घेतली आणि काहीतरी वाजवलं. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. मग आतल्या दाराकडे तोंड करून ओरडले, "अगो, ऐकलंस काय? हिचा हात बघ हात! आमच्या ऑफिसात असा हात फक्त गांगणांचा होता." आई पदराला हात पुसत बाहेर आली. तिला मोर्समधलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी म्हणाली, "छान गो रुखी." त्या दिवसापासून ती रुखी झाली.

खरं सांगायचं तर मला सगळ्यात जास्त कशाने जाळलं असेल, तर ते जेवणाने. आमच्याकडे अण्णांची एक जुनी सवय होती. जेवताना काही हवं असलं की ते तोंडाने मागायचे नाहीत, ताटाच्या काठावर नखाने वाजवायचे. आईला त्यातलं एकच कळायचं, चहाचं. डा-डि-डा-डि, डि-डि-डि-डि, डि-डा. ते वाजलं की ती आधण ठेवायची. बाकी सगळं तिला अंदाजाने. मला तर तेवढंही नाही. चहाने मला पित्त व्हायचं म्हणून मी तो पीतच नसे, त्यामुळे त्या एका सुराशीही माझं देणंघेणं नव्हतं. रुखसाना आमच्याकडे जेवायला बसू लागली आणि त्या ताटाला उत्तर यायला लागलं. अण्णा वाजवायचे, ती आपल्या ताटावर वाजवायची. अण्णा हसायचे. पुन्हा वाजवायचे. ती घास तोंडात असताना हसू आवरत डाव्या हाताने वाजवायची. आई विचारायची, "काय गो, काय म्हणतायत?" ती म्हणायची, "म्हणतायत, आमटीत मीठ कमी आहे पण सांगायची हिंमत नाही." मग तिघंही हसायची. मी खाली मान घालून भात कालवायचो. माझ्या घरात, माझ्या ताटाशेजारी, माझे वडील गप्पा मारत होते आणि मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. सुरमई केली की मधली तुकडी आई तिच्या पानात वाढायची. पूर्वी ती माझी असायची. आज हे लिहितानाही मला ती तुकडी दिसते, यावरून काय ते समजा.

ती रिकाम्या हाताने यायची नाही. तिची अम्मी, म्हणजे चाची, सांदणं करून पाठवायची, वर नारळाचा गोड रस, झाकणाला फडकं बांधलेलं. मी आवडीने खायचो आणि खाताना मला राग यायचा. अण्णांकडे त्यांची स्वतःची एक पितळी की होती, निवृत्त होताना ऑफिसातल्या लोकांनी आठवण म्हणून दिलेली. तिची मूठ झिजून मऊ झाली होती. लहानपणी मी ती चिंचेने घासून चकचकीत करायचो आणि अण्णा म्हणायचे, "घास, घास, शेवटी तुझीच आहे ती." एका दुपारी मी कॉलेजातून आलो तर ती की रुखसानाच्या हाताखाली होती. "हिला शोभते," अण्णा म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले असते तरी चाललं असतं. तिच्याकडेच बघून म्हणाले.

आता तिला काय हवं होतं ते सांगायला हवं, कारण सगळं त्यावर आहे. तेव्हाचा नियम असा होता की तिच्या वर्गाच्या परवान्यावर दूरदेशी संपर्क करायचा तर आधी मोर्सनेच. मोर्सचे शंभर संपर्क झाल्याचा पुरावा दिल्लीला धाडायचा, मग तोंडाने बोलायची परवानगी मिळायची. तिला ती परवानगी हवी होती, आणि लवकर हवी होती. इस्माईलचाचांकडेही हॅमचा परवाना होता. कप्तानाच्या मर्जीने ते शुक्रवारी नमाजानंतर जहाजावरून आमच्या सेटवर यायचे आणि बापलेकीची टकटक चालायची. एका शुक्रवारी त्यांनी टकटक थांबवली आणि माइकवर बोलायला लागले. बोलायला त्यांना मुभा होती. तिला मात्र उत्तर टकटकीतच द्यायला हवं होतं. त्या दिवशी चाची सोबत आली होती. नवऱ्याचा आवाज खोलीत आल्याबरोबर तिने ओढणी डोक्यावर सारखी केली, जणू ते दारातच उभे आहेत. थोडं ऐकलं आणि म्हणाली, "आवाज बसलाय. सर्दी झालीय ह्यांना. विचार त्यांना, कान बांधतात काय?" रुखसानाने कीला हात घातला तर अण्णांनी बोट वर केलं. "दुसऱ्याचा निरोप द्यायचा नाही. नियम आहे." रुखसाना म्हणाली, "मग अण्णा, मीच माझ्यातर्फे विचारते." अण्णा गंभीरपणे म्हणाले, "तुझ्यातर्फे विचार. त्याला हरकत नाही." आणि सगळे हसले. चाचांचा आवाज लाटांवर वरखाली होत येत होता. ते म्हणाले, "बेटा, आता ही खोली बंद होणार. सगळं सॅटेलाइटवर चाललंय, आमच्यासारख्या माणसांचं काम संपलं. ही फेरी शेवटची. त्याआधी एकदा तू बोल. घरी काय, घरी आपण बोलतोच. पण समुद्रात असताना तुझा आवाज ह्या डब्यातून ऐकायचाय मला." रुखसानाने उत्तर वाजवलं. काय वाजवलं ते मला कळलं नाही. अण्णांना कळलं, आणि ते चष्मा पुसायला उठून पडवीत गेले. माझ्यासाठी त्यांनी कधी चष्मा पुसला होता का, हा विचार त्या क्षणी माझ्या डोक्यात आला. दुसऱ्याच्या घरातली एवढी मोठी गोष्ट समोर चालली होती आणि मी हा हिशेब मांडत होतो.

माझ्याकडे त्या घरात एकच गोष्ट होती, संगणक. कोर्ससाठी अण्णांनी मला जुना, कुणीतरी काढून टाकलेला संगणक घेऊन दिला होता. पुण्याच्या एका हॅम मित्राने फ्लॉपीवरून संपर्क नोंदवायचा प्रोग्रॅम पाठवला आणि अण्णा लहान मुलासारखे हरखले. नोंदवही बंद. एकाने सेट चालवायचा, दुसऱ्याने शेजारी बसून टाईप करायचं, ही आमच्या घरची पद्धत झाली. दुसरा म्हणजे मी. काळ्या पडद्यावर एका संपर्काची एक ओळ: तारीख, वेळ, समोरच्याचं कॉल साइन म्हणजे त्याचं हवेतलं नाव, मग मोड, मग रिपोर्ट. मोड म्हणजे संपर्क कोणत्या तऱ्हेने झाला ते. मोर्स असेल तर सीडब्ल्यू, बोलणं असेल तर एसएसबी. रिपोर्ट म्हणजे समोरचा कसा ऐकू येतोय त्याचे आकडे. बोलण्यात दोनच, पाच नऊ म्हणजे स्वच्छ. मोर्समध्ये तिसरा आकडा सुराचा, म्हणून पाच नऊ नऊ. प्रोग्रॅम हुशार होता. मोड आपण बदलला नाही तर आधीच्या ओळीतला मोड तो पुढच्या ओळीत आपणहून आणायचा, आणि त्याला साजेसे आकडेही स्वतःच भरायचा. मी फक्त कॉल साइन टाईप करायचं.

देवरुखला आत्या पडली, खुब्याचं हाड मोडलं. अण्णा तिच्याकडे राहायला गेले. निघायच्या सकाळी ते पुण्याच्या मित्राशी माइकवर बोलले, मी ती ओळ नोंदवली, एसएसबी, आणि ते बस पकडायला गेले. त्याच दिवशी माझ्या संगणकाच्या परीक्षेचा निकाल लागला. पहिला वर्ग. दुपारी देवरुखहून अण्णांचा फोन आला. मी रिसीव्हर धरून सांगायला तोंड उघडलं तर ते म्हणाले, "रुखसाना आली काय रे? तिला दे जरा." मी दिला. तिला त्यांनी विचारलं, शंभरला किती उरले, आज जपान लागतंय का, तार नीट आहे ना. तिने हसत हसत सगळं सांगितलं आणि रिसीव्हर ठेवून दिला. माझं राहिलं. तिच्या ध्यानात यायचं काही कारणच नव्हतं.

मग ती खुर्चीवर बसली, कानाला हेडफोन लावले आणि डोळे मिटले. तिची तशी सवय होती, ऐकताना डोळे मिटायची. कुणीतरी लागलं. ती वाजवायला लागली, आणि वाजवता वाजवता मला कॉल साइन सांगितलं. मी टाईप केलं. "पाच नऊ नऊ," ती म्हणाली. मी पडद्याकडे बघितलं. तिथे दोनच आकडे होते. पाच आणि नऊ. त्याच्या अलीकडच्या रकान्यात एसएसबी. सकाळचा मोड तसाच खाली उतरून आला होता. माझं बोट बटणावर गेलं. खोटं सांगत नाही, बोट गेलं होतं. तिने डोळे उघडले नाहीत. खिडकीतून येणारं ऊन त्या पितळी कीवर पडलं होतं आणि तिच्या मनगटाबरोबर ते हलत होतं. मी बोट मागे घेतलं आणि एंटर दाबला. ओळ वर सरकली. पुढची आली, तीही तशीच. अण्णा देवरुखला होते तितके दिवस मी तिच्या शेजारी बसून तिचं मोर्स बोलणं म्हणून लिहीत गेलो. एकेका ओळीला वाटायचं, नंतर एकदम सगळ्या सुधारीन. अण्णा परतले त्या संध्याकाळी मी मोड पुन्हा सीडब्ल्यूवर आणला. पुढच्या ओळी बरोबर. मागच्या तशाच ठेवल्या.

शंभर पुरे झाले. मी सगळं छापून काढलं, डॉट मॅट्रिक्सची ती करकर आमच्या खाडीपर्यंत ऐकू गेली असेल. अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता. त्यांनी कागद नाकाशी धरले, बारीक अक्षरं दिसेनात, तेव्हा माझ्याकडे बघितलं. "तपासलंस?" मी म्हटलं, "तपासलं." त्यांनी खाली सही केली, सगळे संपर्क माझ्या सेटवरून झाले म्हणून. रुखसानाने लिफाफा दोन्ही हातांनी धरला होता. जाताना मला म्हणाली, "सुहास, तू नसतास तर मला हे सगळं हाताने लिहावं लागलं असतं. बोलायची परवानगी आली ना, की पहिलं तुझं नाव घेईन हवेत." मी म्हटलं, "नियमात बसेल काय बघ आधी." ती हसली. मीही हसलो.

दिल्लीचं उत्तर आलं. त्यात वावगं काही नव्हतं. त्यांनी समोर आलेला कागद वाचला, एवढंच. तुमच्याच नोंदींप्रमाणे या या दिवशी परवानगी नसताना तोंडाने बोलून संपर्क झालेले दिसतात, खुलासा करावा, तोवर अर्ज थांबवला आहे. रुखसाना ते पत्र घेऊन पडवीत आली तेव्हा अण्णा आरामखुर्चीत होते आणि आई कोकमं वाळत घालत होती. अण्णांनी मला ते वाचायला लावलं. मग दिवस ताडून बघितले. सगळे ते देवरुखला असतानाचे. अण्णांनी पत्र माझ्या हातातून परत घेतलं. नियमाच्या बाबतीत ते किती कडक होते ते मी वर सांगितलंच. शेवटी म्हणाले, "रुखसाना, मी नव्हतो. बापाशी बोलायचा मोह झाला असेल तर सांग. मी समजू शकतो. पण खरं सांग."

"मी नाही बोलले, अण्णा. माइकला हात नाही लावला."

"मग हे आलं कुठून? यंत्र काय मनाने लिहितं?" आणि मग माझ्याकडे वळून, "तू होतास ना शेजारी? सगळा वेळ?"

इथे सगळं निस्तरता आलं असतं. मोड तसाच राहिला, माझी चूक, एवढं म्हटलं असतं तर अण्णांनी दोन शिव्या दिल्या असत्या, खुलासा लिहिला असता, आणि जहाजाची फेरी संपायच्या आत परवानगी कदाचित आलीही असती. मी म्हणालो, "सगळा वेळ असा नाही. मधेमधे चहाला आत गेलो होतो."

आईचा कोकमांवरचा हात थांबला. रुखसानाने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, नवल वाटल्यासारखं. अगदी हळू म्हणाली, "तू चहा कधीपासून प्यायला लागलास, सुहास?"

अण्णा पत्राची घडी घालत राहिले, उलगडत राहिले. मग म्हणाले, "मी डोळ्यांनी बघितलं नाही ते मी लिहून कसं देऊ?" रुखसाना उठली. आतल्या खोलीत गेली, पिशवीतून पितळी की काढून सेटसमोर ठेवली, आईच्या पाया पडली आणि गेली. तिच्या पानातली मधली तुकडी त्या दिवसापासून पुन्हा मला मिळायला लागली.

अण्णांनाही माहीत होतं की मी चहा पीत नाही. एकोणीस वर्षं एका घरात राहून बापाला तेवढं माहीत नसेल? हे मला तेव्हा कळायला हवं होतं, पण कळलं बऱ्याच वर्षांनी, कपबशा विसळताना. त्यांनी तेव्हा एवढंच केलं: बाजारातून जाडजूड वही आणली आणि त्या दिवसापासून स्वतःचे संपर्क स्वतः मोठ्या अक्षरांत लिहायला लागले. मला पुन्हा कधी टाईप करायला बोलावलं नाही. संगणकावर कापड पडलं. पितळी की कुणाला दिली नाही, मलाही नाही. जेवताना ताटावर वाजवणं बंद झालं. चहा हवा असला की तोंडाने मागायचे. इस्माईलचाचांची फेरी संपली, ती खोली बंद झाली, आणि ते कायमचे घरी आले. अण्णांना भेटायला खजूर घेऊन आले होते. जाताना पडवीत चपला घालता घालता म्हणाले, "आमची पोर हल्ली रेडिओचं नाव काढत नाय. काय झालं, तुम्हाला म्हायती असेल?" अण्णा म्हणाले, "मला नाही माहीत." मी आत दाराआड उभा होतो.

त्यानंतर कार्डं आली. हॅम लोकांत रीत आहे, संपर्क झाला की खूण म्हणून एकमेकांना कार्ड धाडायचं. पण ती संस्थेमार्फत, गठ्ठ्याने, आगबोटीच्या चालीने येतात. कधी दोन वर्षं, कधी तीन. पोस्टमनकडून तो गठ्ठा मी घेतला. त्यात मूठभर कार्डं रुखसानाच्या नावाची होती. एक जपानहून, त्यावर मासेमारीची होडी, अगदी आपल्या मिरकरवाड्याला शोभेल अशी. एक फिनलंडचं, बर्फ आणि एक कुत्रा. तारखा त्याच, देवरुखच्या दिवसांच्या. आणि प्रत्येकावर, ज्याच्या त्याच्या हस्ताक्षरात, मोड: सीडब्ल्यू. रिपोर्ट: पाच नऊ नऊ. जगाच्या चार कोपऱ्यांतल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांनी तिच्या बाजूने लिहून दिलं होतं. अण्णा तेव्हा पलीकडच्या खोलीत वहीत काही लिहीत होते. मी ती कार्डं शर्टाच्या आत घातली आणि माझ्या कपाटातल्या बिस्किटांच्या डब्यात ठेवली.

पुढे अण्णांना झटका आला. वाचा गेली, उजवं अंग गेलं. घरी लोखंडी खाटेवर झोपवलं होतं. डाव्या हाताच्या बोटाने ते खाटेच्या दांडीवर वाजवायला लागले. हळूहळू, अंतर ठेवून, माझ्याकडे बघत. थांबायचे, मी काही करतो का बघायचे, पुन्हा पहिल्यापासून वाजवायचे. आई म्हणाली, "अरे, रुखीला बोलव. तिला कळेल. देवरुखातच शिकवते ना ती कॉलेजात?" मी म्हटलं, "बघतो." दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाली. मी पुन्हा म्हटलं, "बघतो." ती आली असती, त्या खाटेशी बसली असती, तर ते दोघं पुन्हा माझ्यादेखत बोलले असते, आणि या खेपेला काय बोलले असते त्याची मला भीती होती. आणि इतकं होऊनही, अजूनही, थोडा मत्सर होता. तो असा जात नाही. अण्णा वाजवत राहिले. मग वाजवेनासे झाले.

रुखसाना अण्णांचे दिवस होऊन गेल्यावर आली. आईजवळ बसली. "शेवटी काही म्हणाले?" आई म्हणाली, "बोटाने ठोकत होते गो सारखे. आम्हाला मेल्यांना काय कळणार!" रुखसानाने माझ्याकडे बघितलं. "मला का नाही बोलावलंत?" मी म्हटलं, "वेळच मिळाला नाही." ती आईकडे वळली. मग आईला म्हणाली, "काकी, कसं वाजवत होते, थोडं दाखवाल?" आई रिकाम्या खाटेपाशी गेली. दांडीवर नख टेकलं, आठवत राहिली, आणि वाजवलं. डा-डि-डा-डि, डि-डि-डि-डि, डि-डा. "एवढंच येतं गो मला," म्हणाली आणि तिथेच खाली बसली. रुखसानाने तिचा हात धरून ठेवला. चहा मी केला. तिने घेतला नाही.

आता परवान्याला मोर्स लागत नाही. तरी मी ते शिकलो, चाळिशी उलटल्यावर, रोज सकाळी कानाला हेडफोन लावून. बेताचं येतं. अण्णा खाटेवर जे वाजवत होते ते आठवायचा फार प्रयत्न केला. लय आठवते, त्यांची नजर आठवते, अक्षरं लागत नाहीत. आई गेली. इस्माईलचाचाही गेले, मुलीचा आवाज त्यांनी घरात ऐकला असेल पुष्कळ, समुद्रावर ऐकला नाही. रुखसाना अजून देवरुखला असते. एसटीने सकाळी निघालो तर दुपारच्या जेवणाला परत येता येईल इतक्या अंतरावर. कार्डं त्याच डब्यात आहेत आणि पितळी की त्यांच्यावर ठेवलेली आहे. ती तिची आहेत, कार्डं आणि पितळी की दोन्ही, आणि मी ती तिला दिलेली नाहीत. आणि मी चहाला उठलो नव्हतो, हे तिला तोंडाने सांगायचं अजून बाकी आहे.